पालथे केव्हा, उताणे केव्हा?

“बाळाला पेटीत ठेवले आहे,” हे वाक्य जळगाव-धुळ्याकडील घरांना आता अनोळखी राहिलेले नाही. सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू होतात, मूल दीड किलोचे जन्मते आणि लगेच नवजात अतिदक्षता विभागात हलवले जाते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. त्यामुळे एका बाजूला माहेरची माणसे आणि दुसऱ्या बाजूला दुकान मुनीमजींवर सोपवून धावत आलेली सासरची माणसे, अशी दोन्ही घरे रुग्णालयाच्या बाकावर दिवस काढू लागतात. काचेआडून बाळ दिसते ते पुष्कळदा पालथे निजलेले. आजीच्या काळजाचा ठोका चुकतो. एवढ्याशा जिवाला उपडे घातले तर श्वास कोंडणार नाही का, असे ती विचारते. श्वास नीट चालावा म्हणूनच तसे निजवले आहे, असे उत्तर मिळते. पुढे काही आठवड्यांनी बाळ घरी सोडताना त्याच विभागातून बजावले जाते की, घरी निजवाल तेव्हा उताणेच निजवा. पालथे मुळीच नको.

मग घरात वाद सुरू होतो. रुग्णालयात जे हिताचे होते, ते घरी अहिताचे कसे झाले? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास जो तो आपल्या समजुतीप्रमाणे बाळाला निजवतो. पूर्ण दिवसांच्या धष्टपुष्ट मुलाच्या बाबतीत असे काही दिवस निभावून जातही असेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र चुकीच्या निजण्याची किंमत फार मोठी पडू शकते. म्हणून या वेळच्या लेखात बाळाच्या निजण्याचा आणि श्वासाचा संबंध, एवढाच विषय घेतला आहे.

अपुऱ्या दिवसांचा श्वास

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. वजनाचा हिशेब याहून वेगळा आहे. अडीच किलोपेक्षा कमी भरले तर ते कमी वजनाचे बाळ, आणि दीड किलोपेक्षा कमी भरले तर फारच कमी वजनाचे. पूर्ण दिवस भरलेले मूलही वजनाने कमी असू शकते. म्हणून डॉक्टर दोन्ही गोष्टी विचारतात आणि आपणही दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

अशा बाळाला श्वास घेणे जड का जाते? पहिले कारण फुप्फुसातच आहे. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश आतून एका स्निग्ध द्रव्याने माखलेले असतात. त्यास सरफॅक्टंट म्हणतात. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटून जाऊ नयेत, हे त्याचे काम. गर्भात हे द्रव्य साधारण २४ व्या आठवड्यापासून तयार होऊ लागते आणि ३४-३५ व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास नव्याने फुगा फुगवल्यासारखा घ्यावा लागतो.

दुसरे कारण बरगड्यांचे. त्या अजून कूर्चेसारख्या लवचीक असतात. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल खाली ओढले गेले की मोठ्या माणसाची छाती फुलते. या बाळाची छाती उलट आत खेचली जाते. पोट वर येते, छाती खाली जाते आणि श्रमाचा मोठा भाग वाया जातो. तिसरे कारण मेंदूचे. श्वासाचे नियमन करणारे मेंदूतील केंद्र अपरिपक्व असल्यामुळे बाळ मधूनच श्वास घ्यायचे थांबते. असा विराम २० सेकंदांहून लांबला, किंवा त्याहून कमी असूनही हृदयाचे ठोके मंदावले अथवा रक्तातील प्राणवायू उतरला, तर तो आजार समजून उपचार करतात. चौथे कारण मानेचे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मागील बाजूने फुगीर असते, मान दुबळी असते आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. हनुवटी छातीवर टेकली की ही नळी दुमडल्यासारखी होते.

आपल्याकडे एक जुना समज आहे की सातमाशी मूल जगते आणि आठमाशी जगत नाही. वर सांगितलेला सरफॅक्टंटचा हिशेब पाहिला म्हणजे हा समज निराधार असल्याचे ध्यानी येईल. गर्भातील प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या श्वासाच्या बाजूनेच जमा होतो. या समजापायी सातव्या महिन्याच्या बाळाविषयी निर्धास्त राहणे जितके चुकीचे, तितकेच आठव्या महिन्याच्या बाळाची आशा सोडणेही चुकीचे आहे.

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट निराळी होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ७ ऑगस्ट १९६३ रोजी साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. उपचारांत काही कमी नव्हते, तरीही तो ३९ तासच जगला. सरफॅक्टंटच्या अभावाने हा आजार होतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले होते. उपचार मात्र अजून हाती नव्हता. पुढे १९७१ साली सौम्य दाबाने हवा देऊन वायुकोश उघडे ठेवण्याची पद्धत आली. १९७२ साली गर्भवतीला प्रसूतीपूर्वी स्टिरॉइडची इंजेक्शने देऊन गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व करता येतात, हे सिद्ध झाले. १९८० साली जपानमध्ये सरफॅक्टंट थेट फुप्फुसात देण्यात यश आले. पॅट्रिकइतके लवकर जन्मलेले बाळ आज जिल्ह्याच्या ठिकाणीही बहुधा सुखरूप घरी जाते. निजवण्याची पद्धत ही या मोठ्या उपचारांच्या जोडीची गोष्ट आहे. ती त्यांची जागा घेत नाही.

पेटीत पालथे का निजवतात

पालथे निजवले की छातीचा पुढचा, सर्वांत मऊ भाग अंथरुणावर टेकतो आणि त्याला आधार मिळतो. त्यामुळे छाती आत खेचली जाण्याचे प्रमाण घटते. छाती आणि पोट बऱ्याच अंशी एकाच लयीत हलू लागतात. फुप्फुसांचा मागचा भाग मोठा असतो. उताणे निजलेल्या बाळाच्या हृदयाचा भार काही अंशी त्यावर येतो. पालथ्या बाळात तो भाग मोकळा राहतो आणि त्यात हवा नीट खेळते. पोटातील दूध लवकर पुढे सरकते, उलटून येण्याचे प्रमाण कमी होते. बाळ हातपाय कमी झाडते, रडते कमी आणि गाढ झोपते. ज्याच्या अंगी शक्तीची शिल्लकच थोडी, त्याचा रोजचा खर्च असा वाचतो.

तरी यात अतिशयोक्ती नको. जगभरच्या चाचण्या एकत्र करून त्यांचा निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने हा प्रश्न तपासला आहे. कृत्रिम श्वासयंत्रावरील बाळांत पालथे निजवल्याने रक्तातील प्राणवायू थोडा वाढतो, असे त्यात दिसले. परंतु हा लाभ पुढेही टिकतो असा पुरावा मिळाला नाही. स्वतः श्वास घेणाऱ्या बाळांच्या श्वासविरामाविषयी तर कोणतीही एक स्थिती दुसरीहून सरस असल्याचे सिद्ध करण्यास पुरावा अपुरा ठरला. श्वासविरामावर खरा उपचार औषधाचा आहे, आणि ते औषध म्हणजे चहा-कॉफीत असते तेच कॅफीन, बाळाच्या वजनाप्रमाणे अत्यंत मोजून दिलेले. म्हणून एखाद्या डॉक्टरांनी बाळाला पालथे न ठेवता कुशीवर किंवा उताणे ठेवले, तर हयगय झाली असे समजू नये. नळी कोठे आहे, पोट फुगले आहे का, मेंदूची सोनोग्राफी काय सांगते, हे सारे पाहून स्थिती ठरते आणि दर काही तासांनी ती बदललीही जाते.

एक गोष्ट मात्र सर्व स्थितींत सारखी आहे. मान सरळ हवी. छातीकडे झुकलेली नको आणि मागे फार ताणलेलीही नको. यासाठी परिचारिका कधी कधी बाळाच्या खांद्याखाली कापडाची पातळ घडी ठेवतात. ही घडी खांद्याखाली असते, डोक्याखाली नव्हे. डोक्याखाली उशी ठेवली की नेमके उलटे घडते आणि हनुवटी छातीला लागते. घरी अशी घडी ठेवण्याची गरज नाही. सपाट अंथरूण पुरे.

तीच गाढ झोप घरी धोक्याची

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेटीतील पालथ्या बाळाच्या पायाला एक छोटा तांबडा दिवा बांधलेला असतो. तो रक्तातील प्राणवायू क्षणोक्षणी मोजतो. छातीवरील चकत्या हृदयाचे ठोके मोजतात. प्राणवायू उतरला की घंटा वाजते आणि दहा पावलांवर असलेली परिचारिका येऊन बाळाच्या पायाला टिचकी मारते, मान सरळ करते, गरज पडल्यास श्वास देते. पालथे निजवणे हा तिथे चोवीस तासांच्या पहाऱ्यातला उपचार असतो.

घरी तो पहारा नसतो. पालथ्या बाळाची झोप अधिक गाढ असते, हे वर आलेच. जी गाढ झोप पेटीत शक्ती वाचवते, तीच घरी घातक ठरू शकते. कारण नाक गादीत रुतले किंवा हवा कमी पडू लागली तर दचकून जागे होण्याची, मान वळवण्याची बाळाची क्षमता त्या झोपेत मंदावलेली असते. मऊ अंथरुणात तोंड खुपसलेले बाळ स्वतःच सोडलेला अशुद्ध वायू पुन्हा पुन्हा आत घेत राहते. शिवाय पालथ्या बाळाच्या अंगची उष्णता बाहेर पडायला कमी वाट मिळते. धडधाकट दिसणारे तान्हे मूल झोपेतच दगावते आणि कारण सापडत नाही, अशा मृत्यूंशी या तीन गोष्टी निगडित आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा धोका पूर्ण दिवसांच्या बाळांहून जास्त असतो.

हा धडा पाश्चात्त्य देशांनी फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथील लोकप्रिय बालसंगोपन पुस्तके पालथे निजवण्याचा सल्ला देत होती. दूध घशात अडकू नये हे त्यामागचे कारण. रुग्णालयांत लहान बाळांना पालथे ठेवल्याचे फायदे दिसू लागले आणि त्या सवयीला बळ मिळाले. १९८० च्या दशकात संशोधकांच्या ध्यानी आले की, झोपेत दगावणाऱ्या मुलांत पालथी निजलेली फार अधिक आहेत. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली उताणे निजवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. नवे औषध नाही, यंत्र नाही. केवळ निजवण्याची बाजू बदलल्याने पुढील काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

“उताणे निजवले आणि दूध उलटले तर?” ही आईची शंका रास्त आहे. तिचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. उताण्या बाळात श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. उलटून आलेले दूध श्वासनलिकेत जायचे तर त्याला वर चढावे लागेल. पालथ्या बाळात हा क्रम उलटा होतो आणि श्वासनलिका खालच्या बाजूस येते. दूध पाजल्यावर बाळाला खांद्याशी उभे धरून ढेकर काढावी आणि मग उताणे निजवावे. कुशीवर निजवणे हा मधला मार्ग वाटतो, पण कुशीवरचे बाळ सहज पालथे कलंडते. म्हणून तोही नको.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस अशी आहे की, प्रकृती स्थिर असल्यास बाळाला ३२ आठवड्यांच्या वयापासून रुग्णालयातच उताणे निजण्याची सवय लावावी. येथे वय गर्भातील आठवडे अधिक जन्मानंतरचे आठवडे असे मोजायचे. २९ व्या आठवड्यात जन्मलेले बाळ तीन आठवड्यांचे झाले की ते ३२ आठवड्यांचे. घरी जाण्याच्या दिवशी अचानक बदल झाला तर बाळही अस्वस्थ होते आणि घरची माणसेही गोंधळतात. त्यामुळे बाळाला घरी सोडण्यास आठ-दहा दिवस असतानाच डॉक्टरांना विचारावे: “आमचे बाळ उताणे केव्हापासून निजवणार?”

आईची छाती

पालथे आणि उताणे यांखेरीज तिसरी एक स्थिती आहे, आणि लहानशा बाळासाठी ती फार मोलाची आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत आणि जंतुसंसर्ग पसरे. त्यांनी बाळांना मातांच्या उघड्या छातीशी बांधण्यास सुरुवात केली. यालाच आता कांगारू मातृसेवा म्हणतात.

आपल्या राज्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयात दोन किलोहून कमी वजनाच्या २०६ बाळांवर याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. छातीशी ठेवलेल्या बाळांचे वजन दररोज सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढले, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या बाळांचे सुमारे साडेपंधरा ग्रॅमने. अंग गार पडणे आणि रक्तातील साखर उतरणे, हे प्रकारही छातीशी असलेल्या बाळांत कमी झाले.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मोठी चाचणी घेतली. भारतातील केंद्र होते दिल्लीचे वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालय आणि सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते एक किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळे तीत होती. जन्मल्यावर स्वतः श्वास घेऊ न शकणारी बाळे त्यातून वगळली होती. एका गटाला जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिले. दुसऱ्या गटाला आधी पेटीत ठेवून प्रकृती स्थिर झाल्यावर दिले. २८ दिवसांत पहिल्या गटातील १२ टक्के, तर दुसऱ्या गटातील १५.७ टक्के बाळे दगावली. हा फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. निष्कर्ष मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली.

छातीवरचे बाळ एका अर्थी पालथेच असते. मग ते सुरक्षित कसे? कारण ते आडवे नसून उभे असते आणि त्याचे तोंड आईच्या डोळ्यांसमोर असते. पद्धत अशी आहे. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि मोजे घालावेत. दोन स्तनांच्या मधोमध त्याला उभे धरावे. मान एका बाजूस वळलेली आणि हनुवटी किंचित वर असावी, म्हणजे नाक-तोंड मोकळे राहते. पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत. बांधायच्या कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी. पोटाभोवती कापड घट्ट नसावे, कारण हे बाळ पोटानेच श्वास घेते. आईने पलंगावर मागे टेकून बसावे. एका वेळी किमान एक तास आणि दिवसभरात मिळून आठ तास किंवा त्याहून अधिक, असे हे चालावे. आईला डुलकी लागणार असेल तर बाळ नीट बांधलेले असावे, आई टेकून बसलेली असावी आणि घरातील दुसरे माणूस जागे असावे. ते शक्य नसेल तर बाळाला उचलून उताणे निजवावे. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपी जाणे फार धोक्याचे आहे.

हे काम एकट्या आईचे नाही. बाळंतीण थकलेली असते, तिला जेवायचे असते, आंघोळ करायची असते. अशा वेळी आजी, मावशी, आत्या किंवा स्वतः वडील बाळाला छातीशी घेऊ शकतात. दुकान बंद करून घरी आलेल्या तरुण पित्याने हातपाय स्वच्छ धुऊन, अंगावरचा सदरा काढून दोन तास बाळाला सांभाळले, तर त्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही. एकत्र कुटुंबाचे बळ येथे खऱ्या अर्थाने कामी येते.

आपल्या घरातील रीती

घरी बाळाचे अंथरूण आईच्याच खोलीत, तिच्या हाताशी, पण स्वतंत्र असावे. ते सपाट आणि टणक असावे. डोक्याला गोल आकार यावा म्हणून ठेवली जाणारी राईची उशी, बाजूंचे लोड, जाड गोधड्या, मऊ खेळणी हे सारे दूर ठेवावे. साडीची झोळी आपल्याकडे घरोघरी बांधतात. पूर्ण दिवसांच्या मुलाला ती आवडतेही. परंतु झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीकडे येते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ती नको. पाळणा वापरायचाच तर सपाट तळाचा असावा. दुपट्यात बांधताना छाती आणि पाय आवळू नयेत. नाकात तेलाचे थेंब सोडण्याची रीत कटाक्षाने बंद करावी; ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा-शेपाची धुरी, उदबत्ती आणि तंबाखूचा धूर नसावा.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत बाळाला कुंची आणि तीन-तीन दुपट्यांत गुंडाळणे म्हणजे त्याला भाजून काढणे होय. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या रात्री एक आकडी तापमानाच्या असतात. काखेत लावलेल्या तापमापकाने ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस दाखवावे, एवढी एक खूण ठेवावी.

प्रवासाचेही तसेच. मोटारीतील बाळाच्या अर्धवट बसत्या आसनात मान पुढे पडून प्राणवायू उतरू शकतो. घरी येताना मागच्या आसनावर बाळाशेजारी एका माणसाने बसून त्याची मान आणि चेहरा पाहत राहावे. लांबच्या प्रवासात वारंवार थांबावे. कुलदैवताला किंवा दूरच्या नातलगांकडे नेण्याची घाई पहिले काही महिने नको.

केव्हा धावावे

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्यास शिकवले. त्यांपैकी कित्येकींचे शिक्षण बेताचेच होते. श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचे साधे साधन त्यांच्या हाती देण्यात आले. ३९ गावांतील या कामाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली होती. आशा ताईंच्या घरभेटींची योजना पुढे याच अनुभवातून उभी राहिली. खेड्यातील अल्पशिक्षित भगिनी जे शिकू शकल्या, ते आपल्या घरांत सहज शिकता येईल.

बाळ शांत झोपलेले असताना घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची वरखाली मोजावी. ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा एकदा मोजावी. दुसऱ्यांदाही तेवढीच आली, छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला, श्वासागणिक कण्हल्यासारखा आवाज येत असला, ओठ किंवा जीभ निळसर दिसली, श्वास मध्येच थांबला, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा अंग गार पडले, तर सकाळची वाट पाहू नये. श्वास थांबलेला दिसल्यास मान सरळ करून पायाच्या तळव्याला टिचकी मारावी, पाठ चोळावी आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकास फोन करावा. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशा बाळांवर उपचार होतात. जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार विनामूल्य आहेत. चोपडा, शिरपूर, दोंडाईचा अशा गावांहून जिल्ह्याच्या ठिकाणी बाळ न्यावयाचे असल्यास आणि पेटीची सोय असलेले वाहन मिळत नसल्यास, श्वास घेत असलेल्या बाळाला छातीशी उभे बांधून, मान सरळ ठेवून न्यावे; ते उबदार राहते आणि त्याचा श्वास नेणाऱ्याच्या नजरेसमोर असतो.

बाळ जागे असताना, आपण शेजारी बसलेलो असताना, दिवसातून काही वेळा त्याला थोडा वेळ पालथे घालावे. त्याने मान आणि खांदे बळकट होतात, डोक्याचा मागचा भाग चपटा होत नाही आणि पालथे घालण्याची आजींची हौसही भागते. डोळा लागला की लगेच उताणे करावे. हा नियम वर्षभर पाळावा. पुढे काही महिन्यांनी बाळ आपल्या बळावर दोन्ही बाजूंना कूस पालटू लागेल. तेव्हाही निजवताना आपण उताणेच निजवावे. मग रात्री त्याने स्वतः कूस बदलली तर उठून उठून त्याला सरळ करीत बसण्याचे कारण नाही.